अकरा महिन्यांचा स्ट्रायकर

दुसऱ्या फुटबॉल क्लबकडून ठरावीक मुदतीसाठी, म्हणजे लोनवर आणलेला खेळाडू क्लबने कायमचा विकत घ्यावा की नाही, हे तुम्हाला कुणीही विचारलेलं नाही. म्हणून गप्प बसू नका. आठ सदतीसच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवलेला माणूस लंडनच्या क्लबचे पैसे जितक्या सढळ हाताने उधळतो, तितके तिथल्या मालकालाही उधळता येत नाहीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण ट्रान्सफर विंडोसाठीच, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या हंगामासाठीच जन्मली असावी.

लोन म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, एवढं मुंबईकराला पुरे. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या २०२२च्या नियमांनुसार एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराचा करार करता येतो. आपल्याकडे अकरा महिने. पोटभाडेकरू तिथेही चालत नाही. फक्त सोसायटीचे सेक्रेटरी तेवढे नसतात.

तेव्हा बेधडक सल्ला द्या: ‘आधी वापरून बघू, आवडला तर घेऊ.’ यात धोका कसला? किंमत आधीच ठरलेली असते. ती ठरवणारा मालक दूधखुळा नसतो, ही किरकोळ बाब झाली. बार्सिलोनाने २०१९ मध्ये फिलिप कुटिन्हो बायर्न म्युनिकला वर्षभरासाठी दिला आणि कायमचा हवा असेल तर १२ कोटी युरो सांगितले. पुढे १४ ऑगस्ट २०२०ला चॅम्पियन्स लीगमध्ये हेच दोन क्लब समोरासमोर आले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरवता येत नाही, पण चॅम्पियन्स लीग भरवणाऱ्या युएफा या युरोपीय संघटनेच्या स्पर्धेत येतो. बायर्न ८-२ जिंकलं आणि शेवटचे दोन गोल बदली म्हणून आलेल्या कुटिन्होचे! शेजाऱ्यांना मिक्सर द्यावा आणि त्यांनी त्यात आपल्याच झाडाच्या कैऱ्या वाटाव्यात, तसं. नंतर बायर्नने मिक्सर पुसून परत केला. १२ कोटी कोण देतो?

याहून पुढची विद्या शिकायची असेल तर अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे जा. फ्रान्सचा ग्रीझमन त्यांच्याकडे होता तो बार्सिलोनाचाच, लोनवर. स्पेनच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली अट अशी, की निम्म्या सामन्यांत तो किमान ४५ मिनिटं खेळला, तर ४ कोटी युरो देऊन त्याला घ्यावाच लागेल. झालं. २०२२च्या हंगामाच्या सुरुवातीला सामन्यामागून सामना हा विश्वविजेता बाकावर, आणि तासाभराचा खेळ उरकला की मैदानात. लहानपणी आपण तासाच्या भाड्याने सायकल आणायचो आणि दुसऱ्या तासाचे पैसे पडू नयेत म्हणून नाक्यावरून धापा टाकत परत यायचो, तोच हिशेब, फक्त कोट्यवधी युरोंचा. ऑक्टोबरात जवळपास निम्म्या पैशांत तडजोड झाली आणि त्याच्या पायांत पहिल्या मिनिटापासून बळ आलं. यावरून तुमच्या क्लबला ठणकावून सांगा, की खेळाडू खरोखर चांगला असेल तर त्याला अजिबात खेळवू नका.

‘घ्यावाच लागेल’ या अटीची धास्तीही बाळगू नका. चेल्सीने मँचेस्टर युनायटेडकडून जेडन सँचो २०२४ मध्ये याच अटीवर आणला. हंगाम संपला, कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला, आणि चेल्सीने ५० लाख पौंड मोजले. त्याला घेण्यासाठी नव्हे, न घेण्यासाठी. डिपॉझिट बुडालं तरी चालेल पण हा फ्लॅट नको, असं म्हणायची हिंमत आपल्यात कुठून येणार? आपण तर भिंतीतल्या खिळ्याच्या भोकावरून घरमालकाशी महिनाभर भांडतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, लोनवरच्या खेळाडूच्या नावाची जर्सी घेऊ नका. २०१४ मध्ये गोल करण्यासाठीच घेतलेला स्ट्रायकर रादामेल फाल्काओ मोनाको क्लबकडून युनायटेडमध्ये आला, तेव्हा मी फॅशन स्ट्रीटवर अर्धा तास घासाघीस करून त्याच्या नावाची लाल जर्सी घेतली. हंगामात त्याचे गोल झाले चार. युनायटेडने त्याला परत पाठवला. मग चेल्सीने तोच खेळाडू पुन्हा लोनवर घेतला, गोल एक, आणि त्यांनीही परत पाठवला.

जर्सी गुंडाळून देताना विक्रेता मला म्हणाला होता, “बघून घ्या साहेब, नंतर परत घेणार नाही.”