हेडा ‘काळपट’ आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विलेम क्लास हेडा या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या, टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रांचं कौतुक करणाऱ्या माझ्या पोस्टवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा ऐसपैस उत्तर देतो. तुमचे आक्षेप तीन: हेडाची चित्रं काळपट आहेत, रंग काळाच्या ओघात विटले असणार, आणि श्रीमंतांच्या उष्ट्या ताटांना मी उगाच डोक्यावर घेतलंय.

आधी विटण्याचं. वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं, कबूल. पण ते सगळ्या चित्रावर पडतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं हेडाचं १६३५ चं चित्र बघा, सोनेरी चषकाचं. त्यातलं लिंबू पिवळंधमक आहे, कापड पांढरं आहे. बाकीचा करडेपणा त्याने ठरवून आणलाय. हेडाच्याच हार्लेम गावात वीस वर्षं आधी फ्लोरिस फान डाइक हा चित्रकार लालसर कापडावर चीज आणि फळं मांडून रंगांची चंगळ करत होता. हेडा आणि त्याचा समकालीन चित्रकार पीटर क्लास यांनी ती वाट सोडली. त्याच सुमारास यान फान गोयेन आणि सालोमोन फान राउसडाल निसर्गचित्रांतही असेच मातकट रंग वापरत होते. म्हणजे हा त्या पिढीचाच कल.

आणि खरी गंमत करड्यातच आहे हो! त्या टेबलावर चांदी आहे, काच आहे, कथलाच्या ताटल्या आहेत (आपल्याकडे कल्हईला लागतं तेच कथील). तिन्ही करडे. मग ओळखायचं कसं? चांदीवर उजेड टोकदार चमकतो, कथलावर तो मऊ पसरतो, आणि काचेच्या पेल्यात तर समोरची अख्खी खिडकी उतरते. रंगाची मदत न घेता हे साधायचं म्हणजे खायचं काम नाही. तरी भडकच हवं असेल तर पुढच्या पिढीतला विलेम काल्फ बघा. गालिचे, चिनी माती, सगळं आहे.

उष्ट्याचं म्हणाल, तर तिथे कुणी जेवलेलंच नाही. हेडाच्या वेगवेगळ्या चित्रांत तीच ती भांडी पुन्हा भेटतात. आडवा पडलेला चषकसुद्धा मुद्दाम आडवा ठेवलेला. श्रीमंतीचा मुद्दा मात्र मान्य. ‘हे सगळं मृत्यूचं स्मरण’ असं मी लिहून टाकलं होतं, ते फार झालं. पीटर क्लासच्या १६२७ च्या ‘टर्की पाय’च्या (पाय म्हणजे पारीत भरून भाजलेला पदार्थ, इथे टर्की पक्ष्याचा) चित्रात छापील कागदाच्या पुडीत मिरी आहे, समुद्रापारहून आलेली. तिथे मरणापेक्षा मिरवणंच जास्त दिसतं. ते वाक्य आज बदलतो. पोस्टमधला फोटोही बदलतो, तो खरंच काळपट आलाय.