‘आठ अक्षरं, एक @ आणि दर 90 दिवसांनी बदल’: हा सल्ला आता सोडा

व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरत असतो: पासवर्ड आठ अक्षरी ठेवा, त्यात एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह घाला, दर 90 दिवसांनी बदला, कुठेही लिहू नका, मग तो फुटत नाही. हे पाळणारी माणसं निर्धास्त होतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘आठ अक्षरं पुरतात.’ कीबोर्डवरची 95 चिन्हं आठ जागी मांडली तर सुमारे 66 कोटी कोटी पर्याय होतात. पण संगणक पासवर्डऐवजी त्यापासून काढलेली, उलटी न फिरवता येणारी खूण साठवतो; तिला हॅश म्हणतात. विंडोजच्या एनटीएलएम या जलद पद्धतीचा हॅश चोराच्या हाती लागला, तर आरटीएक्स 4090 हे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 28 हजार कोटींच्या घरात पर्याय तपासतं. साडेसहा तासांत सगळे संपतात. हॅश काढायला बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ पद्धत असेल तर हेच काम हजारो वर्षांवर जातं. मात्र साइटनं कोणती पद्धत वापरली आहे, ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

‘@ आणि अंक घातले की झालं.’ इतका वेळही बहुधा लागत नाही. 2009 मध्ये रॉकयू कंपनीचे 3.2 कोटी पासवर्ड उघडे पडले. तेव्हापासून लोक पासवर्ड कसे रचतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हॅशकॅट हे पासवर्ड फोडणारं सॉफ्टवेअर शब्दयादी घेतं आणि नियम लावतं: पहिलं अक्षर मोठं, ‘ए’च्या जागी @, शेवटी साल. रोमनमध्ये ‘गणपती’ लिहून असे बदल केले आणि 2024 जोडलं, तर संदेशातली प्रत्येक अट पूर्ण होते. तरीही शब्द यादीत असला की हा पासवर्ड लगेच सापडतो.

‘दर 90 दिवसांनी बदला.’ लोक शेवटचा 1 काढून 2 करतात, एवढंच. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेसाठी 2003 मध्ये असे नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनीच पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला, आणि 2017 मध्ये संस्थेनं ठरावीक मुदतीची सक्ती नको असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र त्याच दिवशी बदला.

‘कुठेही लिहू नका.’ न लिहिण्याच्या हट्टापायी एकच पासवर्ड दहा ठिकाणी लागतो. मग एका दुकानाची साइट फुटली की चोर तोच ईमेलवर लावून बघतो. त्यापेक्षा कपाटातली वही कितीतरी बरी. सर्वांत सोयीचं म्हणजे बिटवॉर्डन किंवा कीपास ही पासवर्ड साठवणारी अ‍ॅप: प्रत्येक खात्याला वेगळा, 20 अक्षरी पासवर्ड तेच तयार करतात. ईमेल आणि बँकेला पासवर्डनंतरची दुसरी पायरीही (उदा. फोनवर येणारा कोड) लावा.

लक्षात ठेवायचा उरतो फक्त हे अ‍ॅप उघडणारा मुख्य पासवर्ड. पाच फासे टाका, आलेल्या आकड्यासमोरचा शब्द डाइसवेअर या फाशांसाठीच बनवलेल्या 7776 शब्दांच्या यादीतून घ्या. असं सहा वेळा. वरच्याच ग्राफिक्स कार्डाला सगळे पर्याय संपवायला 24 हजार वर्षं लागतील. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासे टाकू नका, तिथेच गणित बिघडतं.

हे शब्द रोमनमध्येच टाइप करा. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे पासवर्ड वाटू शकतात, आणि नव्या फोनचा कीबोर्ड तुम्हाला तुमच्याच खात्याबाहेर ठेवू शकतो.