गाडी आहेच की तुमची!

निफाड तालुका टीव्हीवर दोनच कारणांनी येतो. एक, कांद्याचा भाव पडला म्हणून. दोन, पारा पडला म्हणून. डिसेंबर लागला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी सकाळी पट्टीवर फिरायला लागतो, ‘निफाड ५ अंश, निफाडकर गारठले’. लगेच पुण्याहून मेव्हण्याचा फोन. ‘काय दाजी, मजा आहे बुवा तुमची! महाबळेश्वरला कशाला जायचं आता?’ २०१८च्या डिसेंबरात पारा २ अंशांच्याही खाली गेला, तेव्हा तर हा सहकुटुंब स्वेटर भरून बसला होता.

त्याला काय जातंय बोलायला. त्याच्या दारात पिकअप उभी नाही.

आमची पिकअप कागदावर दीड टनाची आहे. कांदा भरताना कागद कोणी बघत नाही, हा भाग वेगळा. उन्हाळ्यात ती एका चावीत उठते. थंडीत मात्र पहाटे चावी लावली की आधी इंजिनातल्या हीटरचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत दम धरायचा. तेवढ्यात मी खंडेराव, सप्तशृंगी आणि बॅटरीवाला अशा तिघांचंही स्मरण करून घेतो. मग चावी फिरवायची. खर्र... खर्र... खर्र... टक्. हा ‘टक्’ ज्याने पहाटे साडेचारला ऐकलाय त्याला संसारातल्या बाकीच्या आवाजांचं काही वाटत नाही.

मिस्तरीचं म्हणणं, गाडीचा यात दोष नाही. डिझेलच्या इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं, म्हणजे ते पेट घेतं. आता बाहेरची हवाच ५ अंशांची, लोखंड रात्रभर उघड्यावर गारठलेलं, ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरी अर्धमेली. चौघंही अंथरुणातून उठायला तयार नाहीत आणि बोलणी मात्र चावी मारणाऱ्याला.

म्हणून रात्री मी बॉनेटवर पांघरूण टाकतो. त्याचा फारसा उपयोग होतो असं नाही, पण आपल्या मनाला बरं वाटतं. घरात मात्र कोणालाच बरं वाटत नाही. पहिल्या रात्री हाताला लागली ती गोधडी सासूबाईंनी शिवलेली निघाली. बायको काहीच बोलली नाही, आणि ते जास्त वाईट. आई मात्र बोलली. ‘गाडीला पांघरूण घालतोय लेकरागत! बापाला कधी विचारलंस का, थंडी वाजती का म्हणून?’ वडील तेव्हा द्राक्षबागेत शेकोटीपाशी बसले होते. पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत धूर करायचा, ठिबकला पाणी सोडायचं. बागेला शेकोटी, गाडीला गोधडी. आमच्या घरात थंडीत माणसांचा नंबर तिसरा.

गोधडीचा खरा फायदा झाला तो मांजरीला. ती रात्री खालून शिरून इंजिनाच्या उबेला बसते. त्यामुळे चावी मारायच्या आधी बॉनेटवर थापा मारून तिला उठवावं लागतं. या घरात पहाटे हाकेसरशी उठणारी तेवढी एकच.

चार-पाच खर्रखर्र झाले की वस्ती जागी होते. कानटोप्या, मफलर आणि घोंगड्या गोळा होतात. तात्यांचं निदान दर वर्षी एकच असतं, ‘डिझेल गोठलं रं.’ त्यावर आमचे रिटायर फौजी भाऊ खवळतात. ‘आम्ही लेहला काढलीय तात्या! गोठणं काय असतं ते तिथं बघा. तिकडं २०१९ साली वेगळं डिझेल आणलंय, उणे ३३ लासुद्धा गोठत नाही. निफाडात ५ अंशाला काय गोठतंय?’ तात्या म्हणतात, ते सरकारी डिझेल, हे आपल्या पंपावरचं. या वादात एवढी उष्णता तयार होते की तीन पिकअप चालू व्हाव्यात. ती इंजिनापर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण.

शेवटी धक्का. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबून बसतो आणि मागून ‘हाऽऽ बोलाऽऽ’ सुरू होतं. आप्पा फाळक्याला नुसता हात लावून चालतात, पण गाडी सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त धाप त्यांनाच लागते. आता हा धक्का फुकट असतो असं कोणी समजू नये. आमच्याकडे ज्याने धक्का मारला त्याचा गाडीवर हप्ताभर हक्क लागू होतो. थंडीतच सगळ्यांची कामं निघतात. उन्हाळ कांद्याच्या लागवडीला बाया आणायच्यात, युरियाच्या गोण्या आणायच्यात, म्हैस दवाखान्यात न्यायचीय, पुतणीच्या रुखवताचं कपाट सिन्नरला पोचवायचंय. बाया हौद्यात बसवायच्या नसतात, ही मालगाडी आहे, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘लांब कुठं जायचंय? गाडी आहेच की तुमची.’ आणि डिझेलचं? ‘बघू की डिझेलचं.’ ते अजून कोणी बघितलेलं नाही.

एकदा मी यावर उपाय म्हणून गाडी उतारावर लावायला लागलो. चाकाखालचा दगड काढला की आपोआप पळते, कोणाचे उपकार नाहीत. पण उतार जिथे संपतो तिथे भावकीचं कांद्याचं रोप आहे. बांधावरून आधीच कोर्टात तारखा चालू असताना एवढी जोखीम नको, असं वकिलांचं मत पडलं.

गाडी सुरू झाली तरी समोरचं दिसत नाही. काचेला बाहेरून दव, आतून वाफ. हीटरचं बटण आहे. ते दाबलं की बाहेरचीच थंडी आत येते, फक्त जोरात. शेजारी बसलेला आप्पांचा मुलगा तळहातावरची तंबाखू काचेला चोळतो. त्याने पाणी धरत नाही, हे खरं आहे. पुढचा सगळा प्रवास मळलेल्या वासात होतो, हेही खरंच.

लासलगावच्या वाटेवर आम्हाला गोदावरी ओलांडावी लागते. तिथेच नांदूरमधमेश्वरचं धरण आणि पक्षी अभयारण्य. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. थंडीत चक्रवाक, थापट्या वगैरे मंडळी पार मध्य आशियातून इथे उबेला येतात. मेव्हण्यासारखेच, निफाडची थंडी त्यांनाही गंमत वाटते. तिथल्याच धुक्यात एकदा गाडी बंद पडली. कडेला भलेमोठे कॅमेरे लावून शहरातली माणसं श्वास रोखून बसलेली. मी खर्रखर्र केलं आणि पाण्यावरचा सगळा थवा उडाला. वाटलं, आता मार खातोय. पण सगळ्यांना उडतानाचे फोटो मिळाले होते. खूश होऊन त्यांनीच धक्का मारला, आणि कपाट, म्हैस, गोणी कशाचंही नाव काढलं नाही. शिकलेल्या लोकांना व्यवहार कळत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

लासलगावला लाल कांद्याच्या गाड्यांची ही रांग. रांगेत गाडी बंद करायची सोय नाही, कारण पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. त्यामुळे लिलाव होईपर्यंत ती उभ्या उभ्या डिझेल पिते आणि मी कांद्याच्या भावातून मनातल्या मनात ते वजा करत राहतो. व्यापारी आला, हौद्यात हात घालून खालचा कांदा वर काढला, मुठीत दाबला आणि असा आकडा बोलला की थंडी एकदम वाढली. भरल्या गाडीचं वजन झालं, कांदा खाली झाला आणि रिकाम्या वजनाला काट्यावर चढवली तेव्हा गाडीने शेवटी मान टाकलीच. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने चार माणसं गोळा केली आणि धक्का मारून ती काट्याखाली उतरवली. इंजिन धडधडायला लागल्यावर तो खिडकीशी आला.

‘दादा, आमच्या दोन गोण्या तेवढ्या चांदवडला टाकता का?’

‘अहो, चांदवड उलट्या अंगाला. मला गोदाकाठाला जायचंय.’

‘असू द्या हो. गाडी आहेच की तुमची,’ तो म्हणाला, आणि मागे हौद्यात धप्पकन पहिली गोणी पडली.