एका बटणाची गोष्ट, पॉइंट आठ

आमच्या ऍपमधल्या एका बटणावर 'सबमिट' लिहिलंय, ते 'पाठवा' करायचंय. बस, एवढंच काम. आज सहा आठवडे झाले. आणि हे आम्ही अजाइल, म्हणजे थोडं थोडं काम करत पटापट पुढे जाणारे, आहोत म्हणून बरं का, नाहीतर किती लागले असते देव जाणे.

आता बघा, सकाळी पावणेदहाला स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग. सगळ्यांनी उभं राहायचं, पाय दुखायला लागले की माणसं पटापट आवरतात असा त्यामागचा हिशोब, मर्यादा १५ मिनिटं. पण हा हिशोब मांडणाऱ्यांनी हिंजवडी पाहिलेली नसणार. वाकडच्या चौकातून तासभर क्लच दाबत आलेल्या माणसाला उभं राहायला मिळालं तर बरंच वाटतं हो, तो कशाला आवरतोय! त्यामुळे आमचा स्टँडअप पाऊण तास चालतो. ११ माणसं गुणिले ४५ मिनिटं म्हणजे सव्वाआठ तास, म्हणजे रोज एक अख्खा माणूस नुसता उभाच. हे मी रेट्रोमध्ये, म्हणजे काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगमध्ये, बोलले तर 'छान पॉइंट आहे' म्हणून त्याची चिठ्ठी लावली आणि चर्चेसाठी वेगळी मीटिंग ठेवली.

अजाइल काढणाऱ्या मूळ मंडळींची चूक नाही यात. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी लिहून ठेवलं की प्रोसेस आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं जास्त महत्त्वाचं. आम्ही त्यातलं फक्त बोलणं घेतलं.

तर बटण. प्लॅनिंगला, म्हणजे कामाला किती मेहनत लागेल त्याचे पॉइंट ठरवायला, पत्ते वाटले, १, २, ३, ५, ८, १३ असे. सगळ्यांनी एकदम उघडायचे म्हणजे कोणी कोणाचं बघून टाकत नाही. मी २ टाकला, टेस्टरने १३. मग नियमाप्रमाणे सगळ्यात कमीवाल्याने आणि सगळ्यात जास्तवाल्याने आपापली बाजू मांडायची. मी म्हटलं, अरे एक शब्द बदलायचाय. तो शांतपणे म्हणाला, "छोट्या स्क्रीनवर शेवटचा काना कापला गेला तर? 'पाठव' दिसेल. कस्टमरला डायरेक्ट अरे-तुरे." खोलीत सन्नाटा. ८ वर तोडपाणी झालं.

मग वरून हुकूम आला की आता लीनपण व्हायचं, फापटपसारा टाळायचा. म्हणजे टोयोटाचं ते कानबान, त्यांच्या ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरनी अमेरिकन सुपरमार्केटच्या पद्धतीवरून उचललेलं, जेवढा माल शेल्फवरून उचलला जाईल तेवढाच मागून भरायचा, उगाच ढीग लावायचा नाही. एका वेळी हातात कामं कमी असली की ती लवकर उरकतात हे खरंच पटण्यासारखं आहे, वाद नाही. म्हणून बोर्डावर, जिथे प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते, 'चालू' कॉलमला मर्यादा घातली, फक्त ३ चिठ्ठ्या. दुसऱ्याच दिवशी शेजारी 'वेटिंग' कॉलम उगवला, मग 'डेव्ह डन' (म्हणजे कोड लिहून झाला), मग 'ऑलमोस्ट डन', तिथे कसली मर्यादा नाही. 'पाठवा' दोन आठवडे ऑलमोस्ट डनमध्ये होतं, कारण क्लायंटकडचं कोणीतरी 'सादर करा' म्हणत होतं. खरं 'डन' मात्र मे महिन्यातल्या खडकवासल्यासारखं कोरडं ठणठणीत.

बोर्डाच्या बरोबर वर एसी आहे. परवा रात्री सगळ्या चिठ्ठ्या गळून खाली पडल्या. सकाळी झाडायला आलेल्या मावशींनी एकेक उचलून, पुसून, पुन्हा लावल्या. स्क्रम मास्टरने, म्हणजे या सगळ्या मीटिंगा चालवणाऱ्या सरांनी, घाईघाईत फोटो काढून क्लायंटला पाठवला आणि मग बोर्डाकडे नीट पाहिलं.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय नाय ओ सर, एवढी मोकळी जागा होती ना, तिथं नीट रांगेत लावले."

सगळं डन. २३ च्या २३.

क्लायंटचं उत्तर आलं, कमाल व्हेलॉसिटी (म्हणजे कामाचा वेग), पुढचा स्प्रिंटपण (म्हणजे कामाची पुढची ठरावीक मुदतीची फेरी) असाच काढा. आता ऍपमध्ये बटणावर अजून 'सबमिट'च आहे पण बोर्डावर ते डन झालंय, ते परत मागे कसं आणायचं यासाठी नवीन तिकीट काढलंय, उद्या त्याचं प्लॅनिंग. मी २ टाकणार आहे. टेस्टर काय टाकेल ते मला माहितीये.