तीस वर्षांत काळानं काही केलं नाही

एका लेखात वाचलं की काळ हेच दुःखावरचं औषध. मला ते पटत नाही.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. विसर्जन आटोपून गाव झोपलेलं आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरं अंगावर आली. मी तेव्हा सात वर्षांचा. पुढे शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो. पण रात्री रस्त्यावरून डंपर गेला आणि मांडणीतली भांडी किणकिणली, की मी दारात जाऊन उभा. चपला कायम उशाशी. घरच्यांना वाटायचं, सवय आहे.

शेवटी बायकोच समुपदेशक ताईंकडे घेऊन गेली. पहिले काही दिवस त्यांनी भूकंपाचा विषयच काढला नाही. नुसता श्वास, आणि जमिनीवर टेकवलेले तळवे. मग ती रात्र तुकड्यातुकड्यानं सांगता आली. आजीचा हात कुठे सुटला, तेसुद्धा. त्या दिवशी घरी येऊन खूप रडलो, आणि सलग सात तास झोपलो.

डंपर गेला की छातीत अजून धडधडतं, पण आता मी कूस बदलतो. चपला दाराबाहेर असतात.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.