रविवारची कोथिंबीर

म्यूनिकमध्ये शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता सुपरमार्केटच्या काउंटरसमोर जी रांग लागते, तिच्यात मी गेली ११ वर्षे जवळपास न चुकता उभी असते. आठ वाजता दार बंद होते ते सोमवारी सकाळपर्यंत उघडत नाही, हे ठाऊक असलेली माणसे सरकत्या पट्ट्यावर दूध, बटाटे, मांजराचे खाणे, फुलांचा गुच्छ असे सगळे भराभर मांडत असतात. एवढी तयारी करूनही रविवारी सकाळी पोहे परतायला घेतले की कोथिंबीर आणायची राहिली हे लक्षात येते. मग पोहे कोथिंबिरीवाचून होतात, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या तुर्की आजींचे दार वाजवावे लागते. त्यांच्याकडे कोथिंबीर नसली तरी पार्सली असतेच, आणि ती घेऊन परतायला अर्धा तास लागतो, कारण त्या चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

रविवारी दुकाने बंद ठेवणे ही इथली नुसती रीत नाही, त्यामागे राज्यघटना उभी आहे. जर्मनीच्या १९१९ च्या, म्हणजे वायमार घटनेच्या १३९ व्या कलमाने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि १९४९ च्या घटनेने ते कलम आपलेसे केले. बर्लिन राज्याने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले, तेव्हा घटना न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि दुकानदाराची विक्री किंवा गिऱ्हाइकाची खरेदीची हौस एवढे कारण रविवार मोडायला पुरेसे नाही, असे बजावले.

पहिली दोन वर्षे मला या रविवारचा राग यायचा. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या तर आवाज होतो म्हणून त्याही आज नाहीत, भिंतीला ड्रिल लावायचे तर तेही नाही. आता मात्र आठवड्याची घडी त्या दिवसाभोवती बसली आहे. बेकरीला रविवारी काही तासांची मुभा असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही चालत जाऊन आलुबुखारांचा पसरट केक आणतो. त्याला इथे दाची म्हणतात, आणि सोबत वाटीभर फेटलेली साय घेणे ही आमची ठरलेली चैन आहे. सात दिवसांतून एकदाच मिळते म्हणून ती चैन वाटते, हे मला फार उशिरा उमगले.

पुण्याला फोन केला की नेमका उलटा विषय निघतो. ३१ डिसेंबर २०२५ रोजी ॲपवरून सामान पोहोचवणाऱ्यांनी देशभर संप पुकारला आणि दहा मिनिटांत घरपोच हा दावा बंद करा, ही त्यांची एक मागणी होती. त्यानंतर जानेवारीत केंद्र सरकारच्या सांगण्यावरून तो दावा जाहिरातींतून उतरू लागला. घरोघरी वाद मात्र अजून मिनिटांवरच चालू आहे. माझा दादा म्हणतो, "तिकडे बसून बोलायला काय जातंय? इथे त्या पोरांना काम मिळतंय आणि आईला औषध मिळतंय."

दादाचे म्हणणे मी बाजूला सारू शकत नाही. आई ७६ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि जुलैच्या पावसात कोथरूडच्या फुटपाथवरून तिने दुधाची पिशवी घेऊन यावे असे मला कधीही वाटणार नाही. रात्री साडेदहाला तिला कुल्फी खावीशी वाटली आणि ती वितळण्याआधी दारात आली, तर इथे बसून मला आनंदच होतो. आयुष्यभर हिशेबाने संसार केलेल्या बाईने चाळीस रुपयांची चैन करावी, यात बिघडले काय?

पण गेल्या डिसेंबरात पुण्याला असताना मी कोथिंबिरीची एकच जुडी मागवली. किमान रकमेसाठी बिस्किटांचे दोन पुडे टाकले आणि आठव्या मिनिटाला बेल वाजली. दारात विशीतला मुलगा होता. हेल्मेट डोक्यावरच, मोबाइल हनुवटीखाली दाबलेला, आणि धापा टाकत होता, कारण सोसायटीत सामानवाल्यांसाठी जी वेगळी लिफ्ट आहे ती बंद होती आणि तो चार मजले जिने चढून आला होता. मी पाणी दिले आणि सुट्टी कधी असते, असे विचारले. तो म्हणाला, "ताई, सुट्टी म्हणजे ॲपवरचा आपला आयडी बंद ठेवायचा. पण शनिवार-रविवार बंद ठेवला तर आठवड्याचा इन्सेंटिव्ह जातो." कागदी पिशवीवर त्याच्या ओल्या बोटांचे ठसे उमटले होते. कोथिंबीर अगदी ताजी होती.

तेव्हापासून मला वाटते की आपण वाद चुकीच्या जागी घालतो आहोत. सामान दहा मिनिटांत यावे की तिसात, हा पुढचा प्रश्न. त्याआधी, ते आणणाऱ्याला पैसे न गमावता आठवड्यातून एक दिवस घरी बसता येते का, हे विचारायला हवे. आणि हा प्रश्न युरोपातून आणलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ पासून सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी उशिरा उठून ॲप उघडतो, तो रविवार अशा रीतीने मिळालेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांची दखल घेतली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे ठरवले, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते कायद्याने नोकर मानले जात नाहीत, त्यामुळे हक्काची साप्ताहिक सुट्टी त्यांच्या वाट्याला येत नाही.

जर्मनीलाही हा मोह झालाच होता. बर्लिनमध्ये २०२० साली सुरू झालेली गोरिलाज ही कंपनी दहा मिनिटांत सामान आणून देत असे. २०२२ च्या अखेरीस ती तुर्कस्तानच्या गेटीर कंपनीने घेतली आणि २०२४ मध्ये गेटीरच जर्मनीतून निघून गेली. म्यूनिक ज्या राज्यात येते त्या बव्हेरियाच्या नव्या कायद्याने ऑगस्ट २०२५ पासून एकही कर्मचारी नसलेल्या छोट्या दुकानांना, दीडशे चौरस मीटरपर्यंत, रविवारीही उघडे राहण्याची परवानगी दिली आहे. यंत्राला सुट्टी लागत नाही, माणसाला लागते, हा भेद त्या कायद्याने नेमका केला आहे आणि तंत्रज्ञानाचा असा उपयोग मला मनापासून पटतो.

पुण्यात रविवारी सगळे बंद करा, असे मी म्हणणार नाही. मंडईपासून अमृततुल्यापर्यंत कितीतरी जणांची कमाईच त्या दिवशी होते. पण आठवड्यातला कोणताही एक दिवस आयडी बंद ठेवला तरी इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, ही सोय ॲपमध्ये करणे अवघड नाही. जे ॲप स्वार कोणत्या चौकात आहे हे क्षणाक्षणाला दाखवते, त्याला सात दिवसांतला एक दिवस मोजता येतोच. संहितेखालच्या नियमांत ही एक ओळ यावी, एवढेच माझे मागणे आहे.

त्या मुलाचे बोलणे आईनेही आतून ऐकले होते. तिने आता कालनिर्णयच्या मागच्या बाजूला यादी करायला घेतली आहे आणि ती सोमवारी आणि गुरुवारी एकदमच मागवते. कुल्फी मात्र यादीत नाही. ती मनात येईल तेव्हा मागवायची, असे तिने मला फोनवर ठणकावून सांगितले आहे.