पोट भरलेलं माकड शेतात जात नाही म्हणे

शनिवार उजाडला की साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो: ‘जंगलात माकडांना खायला उरलं नाही. यवतेश्वरच्या घाटातून जाताना केळी, बिस्किटं घाला. पोट भरलं की माकड शेतात शिरत नाही, चावत नाही. पुण्यही लागतं. ज्यांना त्रास वाटतो त्यांनी पकडून कोयनेत सोडावीत.’

पुण्याचं राहू द्या. चाफळ, मसूर, शिराळा धरून समर्थांनी अकरा मारुती स्थापले ते बलोपासनेसाठी. गाडीची काच खाली करून वेफरचं पाकीट भिरकावणं त्यात कुठं बसतं, ज्याचं त्यानं बघावं.

खायला उरलं नाही? घाटात बसतं ते लाल तोंडाचं माकड उंबर, जांभळं, कोवळा पाला, किडे, काहीही खातं. उन्हाळ्यात त्याचे हाल होतात, हे कबूल. पण रानात दिवसभर हिंडून मिळतं तेवढं रस्त्यावर दहा मिनिटांत मिळतं, म्हणून ते तिथं बसतं. गालात पिशव्याच आहेत. आधी कोंबायचं, मग झाडावर निवांत चावायचं. काळ्या तोंडाच्या वानराला त्या पिशव्या नाहीत. त्याच्या पोटाचे कप्पे पाला आंबवून पचवायला घडलेत. त्याला क्रीमची बिस्किटं म्हणजे म्हशीला वैरणीऐवजी जिलबी.

शेताचं तर उलटंच आहे. कासची फुलं सरली की गाड्या कमी होतात, टोळी मात्र तेवढीच राहते. तेवढीच कशाला, वाढते. आयतं खाणारी मादी लवकर व्यायते. आईच्या हाताकडे बघत वाढलेल्या पिल्लाला माणसाजवळ खाणं असतं एवढंच ठाऊक. मग ती टोळी खाली उतरते आणि हरभऱ्याचे घाटे, परसातली पपई, पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया, सगळ्यांचा फडशा पाडते. केळं घालणारा तोवर पुण्याला पोचलेला असतो. राखणीला डबा बडवत बसतो आम्ही.

चावत नाही, हे धोक्याचं. चावे बहुतेक खाण्यावरूनच होतात. दात विचकले म्हणजे माकड हसत नाही, घाबरलेलं असतं. टक लावून आ वासलं तर ती धमकी. तेवढ्यात लोक पोराला पुढं करून फोटो काढतात. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. रेबीज फक्त कुत्र्यापासूनच होतो असं नाही.

राहिलं कोयनेत सोडणं. इथली जागा दुसरी टोळी धरते, आणि पावाला चटावलेलं माकड तिकडंही चूल शोधतं. कोयनेच्या रानाला लागूनही वाड्या आहेत, त्यांनाही परसं आहेत.